सलीमभाईचा साक्षात्कार

आमच्या घरात अचानक काही कळलं, काही उघडं पडलं, की ज्याच्या त्याच्या तोंडून आपापला शब्द निघायचा. मागच्या खोलीत बसूनही नुसत्या शब्दावरून कोणाला काय कळलं ते मला ओळखता यायचं. अब्बा "लो" म्हणायचे. कापलेल्या कापडात एक बाही कमी भरली तरी "लो", आणि रेडिओनं दिल्लीचं सरकार पडल्याचं सांगितलं तरी तेवढंच "लो", आवाज जराही न चढवता. अम्मीचं "या अल्ला" मात्र लांबीवर होतं. आखूड निघालं तर दूध उतू गेलेलं असायचं, मध्यम असेल तर दारात पाहुणे, आणि शेवटचा "ला" लांबवत सोडून दिलेला असेल तर कोणीतरी खोटं बोलताना सापडलेलं असायचं. ती बहुधा मी असायची. शेजारच्या भिवराबाईंचा शब्द "अगा माय" होता. गालावर हात ठेवल्याशिवाय तो त्यांच्या तोंडून निघत नसे. शाळेत याच सगळ्याला जोगळेकर सरांचे शब्द होते: प्रचीती, उलगडा, डोळ्यांवरची झापड दूर होणे. सर पुण्याकडून बदली होऊन कुरखेड्याला आले होते आणि इथल्या प्रत्येक गोष्टीनं त्यांना धक्का बसत असे, म्हणूनच त्यांच्याकडे धक्क्याचे इतके शब्द असावेत असं आम्हां मुलींना वाटायचं. पुढे मी स्वतः शाळेत मराठीच शिकवलं, आणि हे सगळे शब्द फळ्यावर लिहिताना माझ्या कानात मात्र घरचे तीन आवाज वाजत राहायचे. पण यातला एक शब्द असा निघाला, की त्यानं आमचं घर, शेजारचं घर आणि गडचिरोलीचं एक सरकारी कार्यालय एका आठवड्यात एकमेकांत गुंतवून टाकलं. तेवढं एकदा लिहून ठेवायचं आहे.

आमचं दुकान रस्त्याला लागून आणि घर दुकानाच्या पाठीला लागून. पुढे अब्बांचं शिलाईचं मशीन, कापडांचे तुकडे, भिंतीवर आरसा. मागे दोन खोल्या, त्यामागे अंगण, अंगणात शेवग्याचं झाड आणि विहीर. मशीनचा आवाज दिवसभर घरातून वाहत असायचा. तो चालू असताना अम्मी कधी काही विचारायची नाही. थांबला, की आतून लगेच, "क्या हुआ?" घरात आम्ही हिंदी बोलायचो, म्हणजे आमची हिंदी, जिच्यात अर्धे शब्द मराठी असत, आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की मराठी, जिच्यात अर्धे शब्द हिंदी असत. कुठली भाषा कुठे संपते ते आम्हांला कधी कळलं नाही आणि त्यावाचून काही अडलंही नाही. अडलं ते एकदाच.

अंगणाच्या कुंपणाला एक फट होती आणि ती भिवराबाईंची वाट होती. त्या धानाचे शेतकरी असलेल्या डोमाजीभाऊंच्या बायको. डोमाजीभाऊ दिवसभरात चार शब्द बोलत, त्यामुळे राहिलेलं सगळं बोलणं भिवराबाईंच्या वाट्याला आलं होतं, आणि ते पुरं करायला त्या रोज संध्याकाळी आमच्या अंगणात येत. नुकतीच धानाची कापणी होऊन मळणी संपली होती. त्या दिवसांत त्या कधी नव्या तांदळाचे पोहे आणत, कधी लाखोळीच्या डाळीचे वडे. बाहेरून कडक, आत मिरची आणि लसूण भरडून घातलेला, गरम असताना खाल्ला तर डोळ्यांत पाणी आणि थंड झाल्यावर खाल्ला तर दाताची परीक्षा. ताट रिकामं परत द्यायचं नाही म्हणून अम्मी त्यात कधी शेवया घालायची, कधी शेवग्याच्या शेंगा. आज इतकी वर्षं मी शहरात राहते, लाखोळीची डाळ इथेही मिळते, पण तसा वडा मला जमला नाही. सून म्हणते, कृती सांगा, मी करते. कृतीत काय आहे? कृतीत कुंपणाची फट येत नाही.

सलीमभाई माझ्याहून बराच मोठा. ब्रह्मपुरीला राहून बी. ए. झालेला, उंच, देखणा, आणि उभ्या माणसाशी बोलायला अगदी मोकळा. गिऱ्हाइकाचं माप घेताना तो असा काही गप्पा मारायचा, की माप झाल्यावरही लोक हात पसरून उभे राहायचे. पण माणूस टेबलाच्या मागे बसला, की सलीमभाईची जीभ टाळ्याला चिकटायची. कॉलेजात तोंडी परीक्षेला सरांनी नाव विचारलं तर त्यानं अब्बांचं नाव सांगितलं होतं, आणि चूक लक्षात आल्यावरही दुरुस्त करायची हिंमत झाली नाही, म्हणून पूर्ण परीक्षा त्यानं अब्बांच्या नावानं दिली. गडचिरोली जिल्हा तेव्हा नवा होता, नवी नवी कार्यालयं उघडत होती, त्यांतल्या एकात कारकुनांच्या जागा निघाल्या. सलीमभाईनं अर्ज केला आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. अब्बांना "इंटरव्ह्यू" हा शब्द बोलता येत नव्हता. ते "इंटरवल" म्हणायचे, आणि सलीमचा सोमवारी गडचिरोलीत इंटरवल आहे असं ऐकून बाजारातले लोक हसले, तेव्हा त्यांनी रेडिओच्या हिंदी बातम्यांतला भारी शब्द उचलला: साक्षात्कार. हिंदीत साक्षात्कार म्हणजे मुलाखत. त्या संध्याकाळपासून आमच्या घरात दुसरा शब्दच नाही. सलीमचा साक्षात्कार, साक्षात्काराची पॅन्ट, साक्षात्काराला जाताना काय खायचं.

अम्मीनं ही बातमी भिवराबाईंना दिली तेव्हा मी तिथंच वडे खात बसले होते.

"सोमवारी सलीमचा साक्षात्कार हाय," अम्मी म्हणाली.

भिवराबाईंचा हात गालावर गेला. "अगा माय. आधीच मालूम पडलं?"

"बोलावणं आलं ना."

"कुठी होते?"

"गडचिरोलीला. दहा वाजता तिथी बसून राहा म्हणते."

"टाइम बी देल्ला," भिवराबाई हळूच म्हणाल्या. मग जरा वेळानं, "उपास-गिपास धराव लागते का?"

"पोट भरून खाल्लं त झोप येते. चाय-बिस्कुट देऊन धाडते नुसतं."

"बराबर हाय. अन् कपडे?"

"सलीमचे अब्बा नवा पॅन्ट शिवून राह्यले."

पॅन्टपाशी भिवराबाई जराशा अडखळल्या. पण ज्याचे त्याचे रिवाज, असं म्हणून त्यांनी तेही पोटात घातलं. अंगणाच्या टोकाला सलीमभाई इस्त्रीतल्या कोळशांना वारा घालत होता. त्याच्याकडे त्या बराच वेळ पाहत राहिल्या. "लहानपणापासून शांतच हाय पोरगा," त्या म्हणाल्या. "मले वाटेच."

सोमवारी सकाळी सलीमभाई नव्या पॅन्ट-शर्टात एसटीत बसला. अम्मी दुपारभर ओठ हलवत दुवा मागत होती. कुंपणापलीकडे भिवराबाईंनी कडक उपास धरला होता, हे आम्हांला पुढे कळलं. संध्याकाळच्या गाडीनं तो परतला, तेव्हा अब्बांचं मशीन थांबलं.

"हुआ?"

"हुआ."

"कैसा?"

"अच्छा हुआ," सलीमभाई म्हणाला, आणि मग कोणी न विचारता सगळं सांगू लागला. मोठी खोली होती. तीन साहेब बसले होते, मधल्या खुर्चीवर बाई. फार प्रेमानं बोलले. आयुष्यात काय करायचं आहे ते विचारलं. शेवटी चहा पाजला. अब्बांनी त्याला दोनदा विचारलं, चहा कपातून दिला की ग्लासातून? कपातून, बशीसकट. अब्बांनी दुकान लवकर बंद केलं आणि जाऊन जिलबी आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भिवराबाई फटीतून आल्या. डोकं धुतलेलं, लुगडं पेटीतलं. सलीमभाई दात घासत होता. त्या त्याच्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या, तसा तो तोंडातला फेस गिळून बसला.

"झाला?" त्यांनी विचारलं.

"झाला, बाई."

"दिसले?"

"दिसले. तीन जण होते. मधी बाई होती."

"तीन," भिवराबाई म्हणाल्या, अन् डोळे मिटले. "मधी माय. बोलले?"

"हो. तुले काय पाहिजे म्हणून विचारलं."

"तू काय मांगलं?"

सलीमभाईनं विचार केला. "म्हटलं, माय-बाप सुखी राहाव, एवढंच."

भिवराबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली आणि एक शब्दही न बोलता परत गेल्या. भिवराबाई न बोलता परत गेल्या याचंच आम्हांला नवल वाटलं, पण सलीमभाईच्या नोकरीचा त्यांना आनंद झाला असावा असं अम्मी म्हणाली.

त्यानंतर दुकानाचा रागरंग बदलला. लोक यायचे, कापड न आणता. दारात उभे राहून सलीमभाईकडे पाहायचे आणि जायचे. एक म्हातारी त्याच्या पायाशी तांदळाची मूठ ठेवून गेली. अब्बांनी ती उचलून गिऱ्हाईक विसरलं म्हणून बाजूला ठेवली. गावाबाहेरच्या टोलीवरचा एक माणूस येऊन म्हणाला, "भाऊ, माह्या बैल सापडून नाई राह्यला." सलीमभाई काज करत होता. मान वर न करता म्हणाला, "नदीकडं पाह्यलं का?" संध्याकाळी तो माणूस बैल घेऊनच दुकानासमोर आला, सलीमभाईला दाखवायला. कुरखेड्याचे हरवलेले सगळे बैल सती नदीच्या काठीच सापडतात हे कोणालाही माहीत होतं, पण त्या दिवशी कोणाला आठवलं नाही. अब्बांना यातलं काहीच खटकलं नाही. मुलाचा साक्षात्कार सगळ्या गावानं मनावर घेतला आहे, म्हणून ते गिऱ्हाइकांना चहा पाजत सुटले. मशिदीत एका बुजुर्गांनी त्यांना बाजूला घेऊन काळजीच्या सुरात विचारलं, "सुना है, लड़के को कुछ दिखा?" अब्बा छाती फुगवून म्हणाले, "हाँ. तीन साहब दिखे."

मला कळलं ते शाळेत. जोगळेकर सर संतांवरचा धडा शिकवत होते. धड्यातला कठीण शब्द घेऊन कोणीतरी वाक्य करा, असं ते म्हणाले. शब्द होता साक्षात्कार. वर्गात कोणाचा हात वर होईना. मी उभी राहिले आणि ठणठणीत आवाजात म्हणाले, "माझ्या भावाला सोमवारी गडचिरोलीला साक्षात्कार झाला."

सरांच्या हातातला खडू तसाच राहिला. "कोणाचा?"

"साहेबांचा, सर. तीन जणांनी मिळून घेतला."

"घेतला?"

"हो. नंतर चहा दिला."

सर खुर्चीत बसले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि मग ज्या सावकाशीनं ते नेहमी समास सोडवायचे, त्या सावकाशीनं मला सांगितलं, की मराठीत साक्षात्कार म्हणजे देव प्रत्यक्ष समोर येणे. मुलाखत वेगळी. मुलाखतीत देव येत नाही, उलट बऱ्याचदा लागतो. मुली हसल्या. मी हसले नाही. माझ्या डोळ्यांसमोर भिवराबाईंचं पेटीतलं लुगडं आलं, तांदळाची मूठ आली, बैल आला. डोळ्यांवरची झापड दूर होणे हा शब्दप्रयोग मी वहीत अनेकदा लिहिला होता. तो अंगावर कसा येतो ते त्या बाकावर कळलं. कान गरम होतात.

शाळा सुटल्यावर मी धावत घरी आले. सगळ्यांना सांगायचं, सगळे हसतील, भिवराबाईंची समजूत घालता येईल, असं माझं ठरलं होतं. पण अंगणात आले तर भिवराबाई शेवग्याखाली बसलेल्या, सलीमभाई इस्त्रीच्या पाटाशी, आणि दोघांची तोंडं अशी होती, की मी दारातच थांबले.

"सगळे मले विचारून राह्यले," भिवराबाई म्हणत होत्या. "मी सांगतो आपली. पण तू जेवढं सांगतलं तेवढ्यानं माह्यं मन भरून नाई राह्यलं, बापू. ती माय दिसाले कशी होती? आवाज कसा होता? तुले पाहून हासली का? मले बराबर सांग. मी काई जास्त दिसाची नाई आता. मले कुठी दिसते? तुह्या डोळ्यानं पाहू दे."

घरात सगळ्यांनी सलीमभाईला विचारलं होतं, आणि "अच्छा हुआ" म्हटल्यावर सगळ्यांचं समाधान झालं होतं. मधल्या खुर्चीवरची बाई कशी हसली, हे कोणीही विचारलं नव्हतं. सलीमभाईनं इस्त्री खाली ठेवली. मग म्हणाला, "बाई, मी त्या खोलीत गेलोच नाई."

"म्हणजे?"

"दारापर्यंत गेलो. पडदा होता. आतून माह्यं नाव घेतलं."

"नाव घेऊन बोलावलं?"

"हो. चपराशी बाहेर येऊन हाका मारून राह्यला. मी त्याच्या बाजूलेच उभा. त्यानं मलेच विचारलं, सलीम कोण हाय? मी म्हटलं, तो गेला. मंग दिवसभर बस स्टँडवर शेंगा खात बसलो. तीन साहेब नाई, बाई नाई. काईच पाह्यलं नाई मी."

माझ्या जिभेवर तो शब्द आणि त्याचे दोन्ही अर्थ तयार होते, पण आता त्यांना हात लावण्याची सोय राहिली नव्हती.

"भेव वाटला?" भिवराबाईंनी विचारलं.

"खूप. पाय उचलले नाई."

"मले बी वाटला असता. त्याच्या दारात भेव नाई वाटन त कुठी वाटन?" सलीमभाईला वाटलं, भिवराबाई साहेबाबद्दल बोलताहेत. तो मान हलवत होता. "पण तो रागवत नाई," त्या म्हणाल्या. "त्याच्यापाशी रोज असेच भेलेले लोक येते. पुन्हा जाता येते का?"

"शनिवारपर्यंत चालू हाय. जे आले नाई त्याइले शेवटच्या दिवशी घेते म्हणे."

"मंग जाय ना. मी येतो संगं."

आमच्याकडच्या बाया "मी येतो, मी जातो" असंच बोलतात. जोगळेकर सरांना हाही एक धक्का होता.

अब्बांना सांगणं बाकी होतं. सलीमभाई दुकानात गेला, त्याच्या मागं भिवराबाई, त्यांच्या मागं मी. त्यानं एका दमात सांगितलं. मशीन थांबलं. आतून अम्मीचं "क्या हुआ?" आलं, ती स्वतः आली, तिनं ऐकलं, आणि मी आजवर ऐकलेलं सगळ्यांत लांब "या अल्ला" त्या दिवशी ऐकलं. हातातली कात्री अब्बांनी टेबलावर ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. या मुलाच्या साक्षात्काराचा चहा त्यांनी अर्ध्या गावाला पाजला होता.

"ते तीन साहेब?" त्यांनी शेवटी विचारलं. भिवराबाई समोर असल्यानं ते मराठीत बोलत होते.

"नव्हते, अब्बा."

"मधली बाई?"

"नाई."

"मंग चाय?"

सलीमभाईनं मान खाली घातली. अब्बांचा चेहरा जो उतरला तो तेव्हा. साहेब गेले, बाई गेली, ते त्यांनी सहन केलं होतं. बशीतला चहा गेला तो त्यांना फार लागला. "लो," ते म्हणाले. मग खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "शनिवारी मी येतो." त्याबरोबर सलीमभाईचा रंगच उडाला. अब्बा टेबलामागे बसलेले नसले तरी टेबलामागच्या सगळ्या माणसांएवढे होते. ते अम्मीला दिसलं. "तुम्ही नको," ती म्हणाली. "भिवराबाई जातील. नसीम जाईल त्यांच्या सोबतीला." मला शाळा बुडवायला मिळाली, म्हणून मी कोणाची समजूत घालण्याचं आणखी एक दिवस पुढे ढकललं.

शनिवारी आम्ही तिघं पहिल्या गाडीत बसलो. भिवराबाईंनी पिशवीत नारळ घेतला होता. वडसा गेलं, धानाची रिकामी शेतं गेली, मग दोन्ही बाजूंना जंगल आलं, खिडकीतून गार वारा आणि धूळ. सलीमभाई पुढच्या सीटवर, पांढरा पडलेला. गाडी आरमोरीला थांबली तेव्हा मला राहवेना. देवाऐवजी साहेब पाहून भिवराबाईंना तिथंच काही झालं तर काय, या भीतीनं मी त्यांना म्हटलं, "बाई, एक सांगतो. साक्षात्कार म्हणजे हिंदीत मुलाखत. तिथी देव नाई. साहेब राह्यते. नोकरीसाठी सवाल विचारते."

पुढच्या सीटवरून सलीमभाई वळला. "देव?"

मग मला सगळंच सांगावं लागलं. उपास, तांदूळ, बैल, मधी माय. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलत होता. बैलापर्यंत आल्यावर त्याच्या नाकातून एक आवाज निघाला. "नदीकडं पाह्यलं का," तो स्वतःशीच म्हणाला, आणि मग तो जो हसायला लागला तो थांबेना. सीटच्या दांड्याला धरून हसला, डोळे पुसून हसला, कंडक्टर येऊन विचारपूस करून गेला, तरी हसला. त्याचं पाहून मी हसायला लागले. भिवराबाई मात्र पिशवी मांडीवर घेऊन ताठ बसल्या होत्या. मला वाटलं, दुखावल्या.

"हास," त्या म्हणाल्या. "पण उतरून जाजो नको. साहेब असो का कोणी असो, नाव घेऊन बोलावलं ना त्याइनं? अन् नारळ मी आणलाच हाय."

कार्यालयाच्या लांब पडवीत बाकं होती आणि बाकांवर घाबरलेली पोरं. पडद्याजवळच्या चपराश्यानं सलीमभाईला लगेच ओळखलं. "तूनंच सांगतलं ना मले, तो गेला म्हणून?"

"हो," सलीमभाई म्हणाला. "वापस आला तो." हसू अजून त्याच्या तोंडात शिल्लक होतं. नाव पुकारलं गेलं आणि ते तसंच घेऊन तो पडद्याआड गेला.

आम्ही बाहेर बसलो. आतून काही ऐकू येत नव्हतं. मी पडवीतल्या चिमण्या पाहत होते. मान वळवली तर बाजूला भिवराबाई नव्हत्या. त्यांच्या चपला तेवढ्या पडद्याबाहेर नीट जोडून ठेवलेल्या. मी धावले. पडदा एका हातानं वर धरून त्या आत उभ्या होत्या. टेबलामागे एक टक्कल पडलेले साहेब होते आणि त्यांच्याशेजारी एक बाई, चष्मा लावलेली, नाक लाल झालेली, हातात रुमाल. त्यांना जबर सर्दी झाली होती.

"कोण पाहिजे?" त्यांनी बसक्या आवाजात विचारलं.

"कोणी नाई," भिवराबाई म्हणाल्या. "पाहाले आलो."

चपराशी धावत आत आला आणि त्यानं भिवराबाईंचा दंड धरला. तसा सलीमभाई खुर्चीवरून उठला. "त्यांना धरू नका," तो म्हणाला. "सर, मॅडम, त्या माझ्यासोबत आल्या आहेत. मी सांगतो." आणि टेबलामागच्या दोन माणसांसमोर उभा राहून माझ्या भावानं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. अब्बांचं इंटरवल, रेडिओचा शब्द, सोमवारचा पडदा, शेंगा, खोटे साहेब, खोटा चहा, तांदळाची मूठ, बैल. काहीही लपवलं नाही. तो माप घेताना बोलायचा ना, अगदी तसा बोलत होता. टकलू साहेब आधी घड्याळाकडे पाहत होते, मग पाहीनासे झाले. बैलापाशी बाई इतक्या हसल्या, की त्यांना खोकल्याची उबळ आली आणि चपराश्याला पाणी आणायला धावावं लागलं.

भिवराबाईंनी तेवढ्यात पुढे होऊन नारळ टेबलावर ठेवला.

"अहो, आम्हांला असं काही घेता येत नाही," बाई रुमालाआडून म्हणाल्या.

"तुमाले देऊन नाई राह्यलो," भिवराबाई म्हणाल्या. "ठेवून राह्यलो."

त्यावर सरकारी नियमात काही सापडलं नसावं. नारळ तिथंच राहिला.

सलीमभाईला ती नोकरी लागली. त्या हशामुळे लागली की त्याआधी दिलेल्या उत्तरांमुळे, ते तो स्वतःही सांगू शकत नाही. कारकून म्हणून लागला, जिल्हाभर बदल्या झाल्या, साहेब होऊन निवृत्त झाला. त्याच्या हाताखाली काम केलेले लोक मला सांगतात, की समोर कोणी घाबरलेला माणूस आला, की तो टेबलामागून उठून त्याच्या बाजूला येऊन उभा राहायचा आणि मगच बोलायचा. लोकांना वाटायचं साहेबांची पाठ दुखते.

त्या शनिवारी आम्ही परतलो तेव्हा दिवस मावळायचा होता. अब्बा दुकानाच्या पायरीवर उभे होते. सलीमभाई म्हणाला, "हुआ, अब्बा. चाय नहीं दी." अब्बांनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि या वेळी लगेच विश्वास ठेवला.

भिवराबाई हातपाय धुऊन आपल्या ओट्यावर बसल्या, आणि टोळीटोळीनं बाया जमल्या. त्या गडचिरोलीला गेल्या होत्या, हे गावभर झालं होतं. मी कुंपणाच्या फटीत उभी राहून ऐकत होते. आता त्या बायांना खरं काय ते सांगतील आणि सगळ्या मिळून आमच्या घराला हसतील, याची वाट पाहत.

"दिसलं का?" एकीनं विचारलं.

"दिसलं," भिवराबाई म्हणाल्या. "बाईच हाय. चष्मा लावते. टेबलापाशी बसून राह्यते, अन् समोर हे एवढे कागद. लेकराइच्या रांगा लागल्या बाहेर. हासली मले पाहून." मग जरा थांबून, "सर्दी झाली हाय तिले. आवाज बसला."

बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. "तिले सर्दी?"

"मंग?" भिवराबाईंनी पदर खांद्यावर घेतला. "दिवसभर एवढ्या लोकाइचं ऐकाव लागते. घसा बसन नाई त काय होईन?"